सदाफुलीची पाने आणि पांढरे उंदीर

सदाफुलीला कोणी फारसा मान देत नाही. तिला जाईजुईचा गंध नाही, गुलाबाचा रुबाब नाही. पाणी घालायला विसरले तरी ती फुलत राहते, भिंतीच्या फटीतही रुजते. वर्षानुवर्षे आपल्या अंगणात राहिलेली ही जांभळी-पांढरी फुले आपण इतकी आपली मानली आहेत की तिचे मूळ घर आफ्रिकेच्या पूर्वेस, मादागास्कर बेटावर आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. ‘रोज सकाळी सदाफुलीची चार पाने चावून खा, साखर उतरेल,’ असा सल्ला देणारे मात्र प्रत्येक गावात कोणी ना कोणी भेटतेच.

हा सल्ला केवळ आपल्याकडचा नाही. मादागास्करहून ही वनस्पती जहाजांबरोबर जगभर पसरली आणि जिथे गेली तिथे लोकांनी तिला औषध मानले. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर मधुमेहाचे रुग्ण तिच्या पानांचा काढा घेत असत. तो काढा खरोखर काम करतो का, हे पाहण्यासाठी एकदा ती पाने प्रयोगशाळेतील उंदरांना देण्यात आली. त्यातून जे निष्पन्न झाले ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

आज बाजारात आफ्रिकेतील वनस्पतींच्या नावाने अनेक चूर्णे, काढे आणि कॅप्सूल येत आहेत. त्यांच्या वेष्टनावर किंवा जाहिरातीत ‘शास्त्रीय प्रयोगांत सिद्ध’ असे शब्द असतात. हे प्रयोग बहुधा पांढऱ्या उंदरांवर झालेले असतात. आपल्यापैकी अनेक कुटुंबे किराणा, मसाले, जडीबुटी आणि औषधे यांच्या व्यापारात आहेत. हा माल विकणारेही आपणच आणि घेणारेही आपणच. म्हणून त्या ‘सिद्ध’ शब्दामागे नेमके काय असते, आणि त्याची किंमत कोण मोजते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पंचवीस पानांचे पाकीट

१९५२ साली कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांना जमैकाहून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती. मधुमेहावर तेथे या पानांचा काढा घेतात, त्यात काही तथ्य आहे का, हे तपासावे, अशी त्यामागची इच्छा होती. क्लार्क नोबल निवृत्त झाले होते. त्यांनी ती पाने आपले बंधू डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. रॉबर्ट हे ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन या गावी, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

उंदरांना पानांचा अर्क तोंडावाटे दिला. रक्तातील साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. एखादा संशोधक येथेच थांबला असता. नोबल यांनी अर्क सुईने देऊन पाहिला. साखर तरीही उतरली नाही. परंतु काही दिवसांतच उंदीर मरू लागले. त्यांच्या शरीरात ठिकठिकाणी पू झाला होता, जंतुसंसर्ग सर्वत्र पसरला होता. वास्तविक हे जंतू निरोगी उंदराला सहसा काही करीत नाहीत. मग ते एवढे बलवान कसे झाले?

रक्त तपासले तेव्हा उलगडा झाला. जंतू बलवान झाले नव्हते, उंदीर निःशस्त्र झाले होते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, आणि जेथे त्या तयार होतात ती अस्थिमज्जा निस्तेज पडली होती. सदाफुलीत असे काही द्रव्य होते की जे पेशींची वाढच रोखत होते. पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ म्हणजे रक्ताचा कर्करोग. जे द्रव्य ही वाढ रोखते ते या रोगावर चालेल का, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला.

१९५४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर या कामात सहभागी झाले आणि १९५८ पर्यंत त्यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेच ‘विनब्लास्टिन’. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली कंपनीतही सदाफुलीवर स्वतंत्रपणे काम चालू होते. तेथील संशोधकांनी ‘विनक्रिस्टिन’ हे दुसरे द्रव्य शोधले आणि १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर जी औषधे एकत्र दिली जातात त्यांत विनक्रिस्टिन आजही आहे. एके काळी या रोगाचे निदान म्हणजे मुलाचा निरोप असे समजले जाई. आज चांगले उपचार मिळालेली बहुसंख्य मुले बरी होतात.

या कथेतील दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, लोकसमज जे सांगत होता त्याला उंदरांनी दुजोरा दिला नाही. जे कोणी विचारलेच नव्हते ते मात्र दाखवून दिले. दुसरी, ज्या पानांतून पेशींची वाढ रोखणारी औषधे निघतात ती पाने रोज चावून खाणे हा निरुपद्रवी घरगुती उपाय असू शकत नाही. अंगणातली म्हणून ती सौम्य, हा भ्रम आहे.

पिंजऱ्यात काय घडते?

नायजेरिया, घाना, केनिया, कॅमेरून, दक्षिण आफ्रिका या देशांतील विद्यापीठांत पारंपरिक वनस्पतींची अशी तपासणी सातत्याने चालते. आफ्रिकेत आजही असंख्य लोकांच्या आजारात पहिला सल्ला गावच्या वैदूचा असतो. त्यामुळे तेथील संशोधकांना पडणारा प्रश्न साधा आणि रास्त आहे. आपले लोक जे रोज पितात, ते गुणकारी आहे का? आणि त्याहून महत्त्वाचे, ते सुरक्षित आहे का?

प्रयोगाची रीत सर्वत्र साधारण सारखी असते. वैदूकडून माहिती घेऊन वनस्पती गोळा करतात. वनस्पतिशास्त्रज्ञ तिची ओळख पटवतात आणि एक वाळवलेला नमुना क्रमांक देऊन जतन करतात, म्हणजे पुढे वाद उद्भवल्यास नेमकी कोणती वनस्पती वापरली हे तपासता येते. पाने किंवा साल सावलीत सुकवून दळतात, पाण्यात वा अल्कोहोलमध्ये भिजत घालतात, गाळतात आणि मंद उष्णतेवर आटवून घट्ट अर्क करतात.

मग येतात उंदीर. हे आपल्या वखारीतले उंदीर नव्हेत. बहुतेक वेळा ते ‘विस्टार’ जातीचे, पांढऱ्या अंगाचे आणि लाल डोळ्यांचे असतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत विसाव्या शतकाच्या आरंभी या वंशाची पैदास सुरू झाली. दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाचे उंदीर घेऊन त्यांना आठ-पंधरा दिवस नव्या जागेची सवय होऊ देतात. त्यानंतर पाच-सहा उंदरांचे गट पाडतात. एका गटाला केवळ पाणी, एकाला बाजारातील प्रचलित औषध आणि उरलेल्या गटांना अर्काची कमी, मध्यम आणि जास्त मात्रा देतात.

निरोगी उंदराला मधुमेह नसतो, म्हणून तो निर्माण करावा लागतो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे द्रव्य टोचले की स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात. सूज उतरवणाऱ्या औषधाची परीक्षा करायची असेल तर समुद्रशेवाळापासून काढलेले कॅराजिनन पंजात टोचतात. पंजा सुजतो आणि दर तासाला त्याची जाडी मोजतात. अर्क वाकड्या, बोथट सुईने थेट जठरात सोडतात. ठरलेले दिवस संपले की उंदरांना मारून त्यांचे यकृत आणि मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात.

विषारीपणाची तपासणी याहून कठोर होती. १९२७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी एक मोजमाप सुचवले. ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात, ती त्या द्रव्याची मारक मात्रा. पुढे हे मोजमाप इतके रूढ झाले की एकेका द्रव्यासाठी डझनावारी प्राणी मारले जात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २००२ मध्ये ही जुनी पद्धत आपल्या मार्गदर्शिकेतून वगळली. तिच्या जागी थोडेच प्राणी लागणाऱ्या, टप्प्याटप्प्याने पुढे जाणाऱ्या पद्धती आल्या.

मात्रेचा हिशेब

व्यापारी माणसाला हिशेबाची भाषा चटकन कळते, म्हणून एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका शोधनिबंधात लिहिले आहे की अमुक पानांच्या अर्काने, दर किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम या मात्रेत, उंदरांची रक्तशर्करा उतरली. ही मात्रा अशा निबंधांत नेहमी आढळते.

उंदराचा प्राणव्यापार माणसाहून वेगवान असतो. म्हणून माणसाची समतुल्य मात्रा काढताना उंदराच्या मात्रेला साधारण ६.२ ने भागतात. ४०० भागिले ६.२ म्हणजे दर किलोमागे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क लागेल. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल घेतल्या तर रोज आठ. शंभर ग्रॅम सुक्या पानांतून दहा ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर रोज ३९ ग्रॅम सुकी पाने. ओल्या पानांत बोलायचे तर दीडशे ग्रॅमच्या आसपास. आणि बाटलीवर काय लिहिलेले असते? ‘रोज एक कॅप्सूल.’

म्हणजे प्रयोग खरा, निबंध खरा, तरीही त्याच्या आधारावर विकलेली कॅप्सूल निरर्थक असू शकते. रुपयाच्या मालाची पावती दाखवून दोन आण्यांचा माल गळ्यात मारावा, तसा हा प्रकार.

दुसरी खोच अर्क शरीरात कोणत्या वाटेने गेला याची. नामिबिया आणि कालाहारीच्या वाळवंटात एक वेल वाढते. तिच्या आकड्यांनी भरलेल्या फळामुळे तिला ‘डेव्हिल्स क्लॉ’, म्हणजे सैतानाचा पंजा, असे नाव पडले. तिचे कंद तेथील लोक वेदनांवर आणि तापावर वापरत. विसाव्या शतकाच्या आरंभी, जर्मन वसाहतीच्या काळात, मेनर्ट नावाच्या जर्मन शेतकऱ्याला स्थानिक वैदूकडून तिची माहिती झाली आणि पुढे ती संधिवाताचे औषध म्हणून युरोपात पोहोचली. उंदरांच्या सुजलेल्या पंजांवर तिची परीक्षा झाली तेव्हा निष्कर्ष परस्परविरोधी आले. पोटाच्या पोकळीत टोचलेला अर्क सूज उतरवी. तोंडावाटे दिलेला अर्क अनेक प्रयोगांत निष्प्रभ ठरला. जठरातील आम्लाने त्यातील गुणकारी अंश बिघडतो, हे एक कारण पुढे आले. मानवी चाचण्यांत कंबरदुखीवर काही प्रमाणात आराम दिसला आहे, पण जाहिराती सांगतात तेवढा चमत्कार नाही.

या वेलीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जाणते संग्राहक तिचे मुख्य मूळ उपटत नाहीत. बाजूला फुटलेले कंद तेवढे काढून घेतात आणि खड्डा पुन्हा मातीने बुजवतात, म्हणजे वेल जगते आणि पुन्हा कंद धरते. निर्यातीची मागणी वाढली की घाईत मुख्य मूळही खणले जाते आणि मग त्या जागी काहीच उरत नाही.

भूक मारणारे रोप आणि सान लोकांचे हक्क

कालाहारीतीलच दुसरी कथा व्यापाऱ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. हुडिया हे निवडुंगासारखे दिसणारे काटेरी रोप. सान जमातीचे शिकारी लांबच्या पायपिटीत त्याचा गर चघळत. त्याने भूक आणि तहान भागते, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन परिषदेने १९६० च्या दशकात रानातील खाद्य वनस्पतींच्या अभ्यासात हुडियाही घेतला. प्राण्यांना तो दिला तेव्हा त्यांचे खाणे घटले. कित्येक वर्षांच्या परिश्रमानंतर त्यातील क्रियाशील द्रव्य ओळखले गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास परिषदेने त्यावर पेटंट मिळवले. १९९७ मध्ये फायटोफार्म या ब्रिटिश कंपनीला परवाना दिला गेला, तिच्याकडून १९९८ मध्ये फायझर या बलाढ्य औषध कंपनीकडे तो गेला. पाश्चात्त्य देशांतील स्थूलपणाची बाजारपेठ समोर दिसत होती.

या सगळ्या करारमदारांत ज्यांच्या ज्ञानातून हे सुरू झाले त्या सान लोकांना कोणी विचारलेदेखील नव्हते. २००१ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उघडकीस आणले. सान लोकांच्या प्रतिनिधींनी वकिलामार्फत वाटाघाटी केल्या आणि मार्च २००३ मध्ये करार झाला. परिषदेला मिळणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या रकमांपैकी ८ टक्के आणि स्वामित्वधनापैकी ६ टक्के वाटा सान लोकांचा ठरला. पारंपरिक ज्ञानाच्या मालकांना वाटा देणाऱ्या जगातील आरंभीच्या करारांत याची गणना होते. आपल्याकडे हळदीवरील अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये भारताने रद्द करून घेतले आणि २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला, तो याच प्रश्नाचा आपला अध्याय.

पण वाटा मिळण्यासाठी आधी नफा व्हावा लागतो. २००३ मध्येच फायझरने अंग काढून घेतले. २००४ मध्ये युनिलिव्हर पुढे आली. त्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हुडियातील द्रव्य उंदरांच्या मेंदूतील पोकळीत थेट सोडले असता चोवीस तासांतील त्यांचे खाणे ४० ते ६० टक्क्यांनी घटले. हा आकडा हुडियाच्या पुरस्कर्त्यांच्या हाती पडला आणि जगभर जाहिरातींत झळकला. मेंदूत सुईने सोडलेले शुद्ध द्रव्य आणि पोटात गेलेली कॅप्सूल यांतील अंतर मात्र कोणी सांगितले नाही.

२००८ मध्ये युनिलिव्हरही बाहेर पडली. सुरक्षितता आणि परिणाम या दोन्हींविषयी शंका उत्पन्न झाल्या होत्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४९ स्थूल, पण अन्यथा निरोगी स्त्रियांनी भाग घेतला होता. पंधरा दिवस हुडियाचा अर्क घेतलेल्या स्त्रियांचे खाणे किंवा वजन, इतर स्त्रियांच्या तुलनेत, घटले नाही. उलट मळमळ, उलटी, त्वचेच्या तक्रारी वाढल्या. रक्तदाब आणि रक्तातील बिलिरुबिनही वाढले. दरम्यान, हुडियाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक मालांत हुडिया अजिबात नव्हता किंवा नाममात्र होता. रानातील रोपांवर मात्र मागणीचा घाला पडला आणि २००४ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

उंदरांनी खोटे सांगितले काय? मुळीच नाही. त्यांना जे विचारले त्याचेच उत्तर त्यांनी दिले. दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून ते बाजारात विकणारी माणसे होती.

पशूंकडून शिकलेले वैद्यक

प्राण्यांकडून औषध शिकण्याचा एकच मार्ग आहे का? टांझानियातील महाले पर्वतातील एक प्रसंग याचे वेगळे उत्तर देतो.

१९८७ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकन वानरशास्त्रज्ञ मायकेल हफमन आणि त्यांचे स्थानिक सहकारी, टोंगवे जमातीचे जाणते वृद्ध मोहमेदी सैफू कालुंदे, एका आजारी चिंपांझी मादीवर लक्ष ठेवून होते. ती निस्तेज होती, फारसे खात नव्हती. ती एका झुडपापाशी गेली, कोवळी फांदी मोडली, साल आणि पाने टाकून दिली आणि आतला कडू गर चघळून त्याचा रस गिळू लागली. कालुंदे यांनी ते झुडूप तत्काळ ओळखले. पोटातील कृमी आणि दुखणे यांवर त्यांची जमात त्याचाच वापर करी. दुसऱ्या दिवसापर्यंत मादीला हुशारी आली. पश्चिम आफ्रिकेत ‘कडू पान’ म्हणून भाजीत आणि औषधात वापरतात तीच ही वनस्पती. नायजेरियातील योरुबा भाषेत तिला ‘एवुरो’ म्हणतात. पुढील अभ्यासात तिच्या गरात परोपजीवींना मारक ठरणारी द्रव्ये आढळली. आफ्रिकेत उंदरांवर वारंवार तपासल्या गेलेल्या वनस्पतींत तिची गणना होते.

कालुंदे यांच्या घराण्यात एक आठवण सांगितली जाई. त्यांच्या आजोबांनी एकदा आजारी साळिंदर रानातले विशिष्ट मूळ खणून खाताना पाहिले, ते बरे झालेले पाहिले आणि त्यावरून गावातील रोग्यांसाठी औषध सिद्ध केले. यांपैकी कोणत्याही ठिकाणी प्राण्याला पिंजऱ्यात घालावे लागले नाही, आजारी पाडावे लागले नाही. संयमाने, दूर बसून पाहावे मात्र लागले.

अर्थात याची मर्यादाही मान्य केली पाहिजे. चिंपांझी बरी झाली एवढ्यावरून माणसाला किती मात्रा द्यावी, यकृतावर काय परिणाम होईल, गर्भवतीने घ्यावे की नाही, हे कळत नाही. हे कळल्याविना औषध देणे म्हणजे तोच प्रयोग रोग्यावर करणे.

श्रावकाचा प्रश्न

येथे आपल्या मनातील प्रश्न टाळता येत नाही. आपल्या परंपरेने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले. पिंजऱ्यातील उंदराचे मरण यांपैकी कशात मोडते? ते जाणूनबुजून घडवलेले असते, म्हणून संकल्पी म्हणावे, तर त्यामागील हेतू दुसऱ्या जीवाचे रक्षण हा असतो. ज्या बालकाला विनक्रिस्टिनने जीवदान मिळाले त्याच्या मातेला कोणत्या तोंडाने सांगावे की हे औषध घेऊ नको? आणि तरीही, पू होऊन मेलेल्या त्या उंदरांना वेदना झाल्याच नाहीत असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

समाधानाची बाब अशी की विज्ञानानेही हा प्रश्न स्वतःला विचारला आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली. शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरे साधन वापरावे. शक्य तितके थोडे प्राणी वापरावेत. आणि जे वापरावे लागतील त्यांच्या वेदना शक्य तितक्या कमी कराव्यात. १९६० च्या भारतीय प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद आहे. २०१४ मध्ये भारताने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी घातली. नव्या औषधाची माणसांवर चाचणी करण्यापूर्वी प्राण्यांवर चाचणी झालीच पाहिजे, ही अट अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायद्यातून काढली. २०२३ मध्ये भारतानेही नियम बदलून पर्यायी पद्धतींना वाट दिली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी यकृतपेशी, सूक्ष्म पट्टीवर उभारलेली अवयवांची प्रतिकृती, संगणकीय अनुमान ही साधने आता हाती येत आहेत. ती महाग आहेत, आणि आफ्रिकेतील अनेक विद्यापीठांना अद्याप परवडत नाहीत, हेही खरे.

परंतु सर्वांत व्यर्थ हिंसा कोणती, याविषयी श्रद्धावान आणि शास्त्रज्ञ यांचे एकमत व्हावे. ज्या प्रयोगात वनस्पतीचा नमुनाच जपला नाही, उंदरांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निःपक्षपातीपणे पाडले नाहीत, मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे आधीच ठाऊक होते, मात्रा माणसाला कधीच देता येणार नाही एवढी मोठी होती, आणि निबंध छापून झाल्यावर पुढे कोणी काही केले नाही, त्या प्रयोगातील जीव निष्कारण गेले. त्यांच्या मरणातून कोणाचेही प्राण वाचले नाहीत, कोणाचे अज्ञानही दूर झाले नाही. आणि असे प्रयोग वाढण्यामागे ‘शास्त्रीय प्रयोगांत सिद्ध’ या चार अक्षरांना बाजारात मिळणारा भाव हेही एक कारण आहे. तो भाव आपण ग्राहक आणि विक्रेते मिळून ठरवतो.

दुकानात आणि घरात

मग आपण काय करावे? फार काही नाही. माल घेताना चार प्रश्न विचारावेत.

ही वनस्पती नेमकी कोणती, तिचे शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग वेष्टनावर आहे का? ‘शास्त्रीय प्रयोग’ उंदरांवर झाला की माणसांवर? माणसांवर झाला असेल तर किती जणांवर आणि किती दिवस? प्रयोगातील मात्रा आणि कॅप्सूलमधील मात्रा यांचा मेळ बसतो का? आणि ती रानातून ओरबाडून आणली आहे की लागवड करून, जेथून ती आली तेथील लोकांना काही वाटा मिळतो का?

विक्रेत्याला या प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत तर माल परत ठेवावा. आपणच विक्रेते असू तर पुरवठादाराला हेच प्रश्न विचारावेत. वजनात खोट नको म्हणून तराजूला हात न लावणारे आपले पूर्वज होते. शब्दांच्या तराजूतही तीच सचोटी हवी. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा अन्य कोणते औषध चालू असेल तर असा कोणताही अर्क वैद्यकीय सल्ल्याविना सुरू करू नये, आणि चालू औषध तर मुळीच सोडू नये.

अंगणातल्या सदाफुलीला आता पाणी घालाल तेव्हा तिच्याकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहाल. तिची पाने चावू नका; ती औषधाची आहेत, घरगुती प्रयोगाची नव्हेत. दूर मादागास्करच्या मातीत जन्मलेल्या या झुडपाने जमैकाच्या रुग्णांना आशा दिली, कॅनडातील मूठभर उंदरांचा जीव घेतला आणि असंख्य लेकरांना आयुष्य दिले. हे ऋण कोणाकोणाचे आहे, याची आठवण ठेवली तरी पुढच्या वेळी ‘सिद्ध’ हा शब्द आपण सहजासहजी उच्चारणार नाही.